आधी हलवा

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, म्हणून पुढचं राहिलं. काना-मात्रा इकडचा तिकडे झाला असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीतच नाही. दुपारी घरात कुणी नसलं की लिहिते आणि कपाटात साड्यांखाली ठेवते.

लिहायचं आहे ते हॉटेलातल्या खाण्याबद्दल. हॉटेलात गेल्यावर काही माणसांचा जीव आधी येणाऱ्या पदार्थांत असतो, काहींचा शेवटच्या गोडात. त्या आधीच्या पदार्थांना आता स्टार्टर म्हणतात. माझी नातसुद्धा म्हणते. आमच्या वेळी त्याला वेगळं नाव नव्हतं, पकोडे म्हटलं की झालं. आमचे हे पकोड्यांचे आणि मी गोडाची. सगळा अन्याय इथेच आहे, कारण पकोडे आधी येतात.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. हे फौजेत हवालदार होते. जयपूरला बदली झाली तेव्हा फॅमिली क्वार्टर मिळालं आणि मी मुलांना घेऊन पहिल्यांदाच त्यांच्याजवळ राहायला गेले. मुलगी पाचवीत होती, मुलगा पहिलीत. रंगीत टीव्ही तेव्हा नवा होता आणि आमच्या लाइनीत तो एकाच घरी होता. क्वार्टरांच्या रांगेला सगळे लाइन म्हणायचे. लाइनीत पंजाबी होते, गढवाली होते, तमिळ होते, मराठी घर आमचं एकटंच. हिंदी मला कळायची, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. खरं सांगायचं तर मराठीतही मी काही फार बोलणारी नव्हते. दारात कुणी आलं की पदर सारखा करायचा, मान खाली घालायची आणि हसायचं, एवढ्यावर माझा संसार चालला होता.

पगार झाला की पुढच्या रविवारी हे आम्हाला शहरात जेवायला न्यायचे. टेम्पोत दाटीवाटीने बसून बापू बाजारापर्यंत जायचं आणि तिथून चालत. हॉटेल वरच्या मजल्यावर होतं. खाली दारातच मिठाईचं दुकान. थंडीत तिथे मोठ्या कढईत मूगडाळीचा हलवा परतत असायचे आणि त्या तुपाचा वास जिन्यावरून आमच्याबरोबर वर यायचा. वर प्लायवूडच्या भिंती घालून छोट्या छोट्या खोल्या केल्या होत्या. त्यांना फॅमिली केबिन म्हणायचे आणि प्रत्येकीला पडदा असायचा. मला तो पडदा फार आवडायचा. त्याच्याआड कुणी बघत नाही, त्यामुळे घास मोठा घेतला तरी चालतो.

हे शर्टाच्या खिशात ठरलेले पैसे घेऊन यायचे. ते संपले की जेवण संपलं. खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच ह्यांचं सुरू व्हायचं.

"टोमॅटो सूप चार. मसाला पापड. पनीर पकोडा एक प्लेट. एक नको, दोन लाना."

मग भाजी, रोटी, मुलांना जिरा राईस. शेवटी हे खिसा चाचपायचे आणि ढेकर द्यायचे.

"पोट कसं गच्च भरलं, नाही?"

पोटाचं मला माहीत नाही, खिसा रिकामा झालेला असायचा. मेनूकार्ड हिंदीतही होतं आणि मला ते अक्षर लावून लावून वाचता यायचं. मी ते मागून वाचायची. शेवटचं पान गोडाचं. रबडी, रसमलाई, गुलाबजाम, मूगडाळ हलवा, कसाटा. कसाटा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण वाचायला बरं वाटायचं. ह्यांची ऑर्डर देऊन झाली की वेटर कार्ड घेऊन जायचा. माझं वाचन तिथेच थांबायचं.

एकदा घरी येताना मी धीर करून विषय काढला.

"पुढच्या वेळी पकोडे एकच प्लेट घेऊया का? म्हणजे शेवटी काही गोड..."

"गोड काय, तू घरी करतेसच की सणाला."

"पकोडे पण करते."

"तुझ्या भजीला हॉटेलच्या पकोड्याची सर येत नाही."

हे त्यांनी टेम्पोत, चार माणसांसमोर सांगितलं. मुलगी खिदळली. मी मनात म्हटलं, सणाला गोड मी करते ते खरं. सकाळपासून पुरण वाटायचं, वेलची कुटायची, सगळ्यांना वाढायचं. मी पानावर बसेपर्यंत त्या वासानेच माझं पोट भरलेलं असतं. गोड दुसऱ्या कुणीतरी करावं आणि माझ्यापुढे आणून ठेवावं, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी ताजमहाल बांधायची गरज नव्हती.

त्याच हिवाळ्यात आमच्या युनिटला भाजी पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या घरी लग्न होतं. लाइनीतल्या सगळ्यांना बोलावणं होतं. पंगतीत बसलो तर पत्रावळीवर पहिल्यांदा काय आलं? गोड. लापशी, वर बुंदीचा लाडू, आणि तूप ओतणारी बाई हात आखडत नव्हती. पुरी-भाजी नंतर. मी बाजूच्या म्हातारीकडे बघितलं. ती म्हणाली, "पहले मीठा, बाद में सब."

मला एकदम आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही ताटात गोड पहिल्यापासूनच वाढतात, मागून येत नाही. म्हणजे जयपूरच्या लोकांची पद्धत आमच्यासारखीच होती. शेवटी गोड ही फक्त हॉटेलवाल्यांची आणि आमच्या ह्यांची पद्धत. मग हॉटेलात मी आधी गोड मागितलं तर इथल्या माणसाला त्यात काय नवल वाटणार? पकोडे आधी येतात म्हणून पकोड्यांना पैसे मिळतात. हलवा आधी आला तर हलव्याला मिळतील. चौथीच्या गणितात हे बसत होतं.

पुढच्या पगाराच्या रविवारी आम्ही गेलो. थंडी कडाक्याची होती आणि खाली कढईपाशी दोन माणसं आळीपाळीने झारा चालवत होती. वर आमच्या नेहमीच्या केबिनमध्ये बसलो. मुलाने टेम्पोत शेंगदाण्याची चिक्की खाऊन हात आणि तोंड चिकट करून घेतलं होतं. हे त्याला घेऊन बेसिनकडे गेले. मुलगीही आरशात केस बघायला त्यांच्यामागे गेली. मी एकटीच होते आणि तेवढ्यात वेटर आत आला. पिकल्या मिशांचा वयस्क माणूस, आम्हाला ओळखायचा.

"क्या लाऊं, भाभीजी?"

हे आता येतील, मग सूप सुरू होईल. मी एका दमात म्हटलं, "पहले मीठा. मूंग दाल हलवा."

"पहले मीठा?" त्याने पेन्सिल कानामागून काढली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "कोई खुशी की बात है क्या?"

आता ह्यावर काय बोलायचं? नाही म्हटलं तर तो म्हणेल मग आधी गोड कशाला. एवढी हिंदी मला कुठली सुचायला. मी जे दारात करायची तेच केलं. पदर सारखा केला, मान खाली घातली आणि हसले.

"अच्छा!" असं म्हणून तो पळतच गेला.

हलवा आला तो मालकाबरोबर. खालच्या दुकानात गल्ल्यावर बसणारे ढेरपोटे मालक स्वतः जिना चढून वर आले होते. काचेच्या वाटीत हलवा होता, त्यावर बदामाचे काप आणि चांदीचा वर्ख. त्याच वेळी हे मुलाचा ओला हात धरून पडदा बाजूला करून आत आले.

"बधाई हो, हवलदार साहब! भाभीजी ने बता दिया," मालक म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हलव्याकडे बघितलं. मला खरंच तेव्हा कळलं नव्हतं कशाची बधाई. वाटलं, इथे आधी गोड खाताना असं म्हणत असतील.

मग प्लायवूडच्या पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"कौन हवलदार? अपना मराठा?"

शेजारच्या केबिनमध्ये ह्यांचे सुभेदार साहेब होते. हरियाणाचे, सहा फुटी माणूस. त्यांचे मेहुणे बायकामुलांसकट गावाहून आले होते, त्यांना घेऊन ते जेवायला आलेले. साहेबांनी आमचा पडदा सरकवला आणि ह्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की मुलगा दचकून टेबलाखाली गेला.

"अरे वाह! तीसरा! सरकार कहती है दो, और हमारा हवलदार किसी की सुनता नहीं!"

सुभेदारीणबाई मागून आल्या आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या शालीला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडलं, पण त्यातून काहीच बाहेर आलं नाही. एवढी माणसं, एवढी हिंदी, आणि समोर हलवा निवत होता. मी परत मान खाली घातली.

"देखो, कैसे शरमा रही है," सुभेदारीणबाई म्हणाल्या.

आणि आमचे हे काय करत होते? हे हसत होते. लाजत होते. मिशीवरून हात फिरवत होते. "जी साहब, आपका आशीर्वाद," म्हणत होते.

"आशीर्वाद तो है ही," साहेब म्हणाले, "पर मुंह कौन मीठा कराएगा? आज हमारी टेबल का हलवा तुम्हारी तरफ से!"

त्यांच्या केबिनमध्ये चांगलीच गर्दी होती. सगळ्यांना वाट्या गेल्या. मालकांनी वर्ख सगळ्यांवरच लावला. पाहुण्यांच्या मुलांनी दुसऱ्यांदाही घेतला. ह्या सगळ्या गोंधळात माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी चमचा उचलला. हलवा गरम होता, रवाळ होता, आणि तूप ओठांना लागत होतं. मी सावकाश खाल्ला. मुलांना एकेक चमचा दिला. ह्यांना विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं बिलाचं.

बिल आलं तेव्हा ह्यांच्या खिशातल्या पैशांनी त्याचं तोंडसुद्धा पुसलं गेलं नसतं. साहेबांनीच सगळे पैसे भरले. "हलवे का अगली तनख्वाह पे देते रहना, कोई जल्दी नहीं," असं म्हणून ते पाहुण्यांना घेऊन गेले. आम्ही सूप न पिता, पापड न मोडता, पकोड्याचं तोंड न बघता हॉटेलातून उतरलो. ह्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

टेम्पोत जागा मिळाली नाही म्हणून थोडं चालत निघालो. मुलं पुढे होती. हे माझ्या बाजूने चालत होते. मग हळूच म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"काय?"

"हेच. वेटरला सांगतेस आणि मला नाही? किती दिवस झाले?"

मी रस्त्यातच थांबले. अरे देवा, ह्यांनाही तेच वाटलं होतं! म्हणून ते डोळ्यांतलं पाणी!

"अहो, तसं काही नाहीये."

"तसं म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. मी फक्त आधी हलवा मागितला."

"आणि तो बधाई कशाची देत होता?"

"त्याने विचारलं, खुशी की बात आहे का. मी मान खाली घातली."

हे माझ्याकडे बघत राहिले. "मान का घातलीस खाली?"

"मी नेहमीच घालते की!"

ते फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. आधी वाटलं चिडले. मग खांदे हलायला लागले. हसत होते. हसता हसता म्हणाले, "साहेबांच्या अख्ख्या सासरवाडीला हलवा खायला घातला गं तुझ्या मानेनं." घरी येऊन मी पिठलं टाकलं आणि आम्ही तेच जेवलो. हसून झाल्यावर मात्र ते गंभीर झाले.

"उद्या साहेबांना खरं सांगायला पाहिजे."

"तुम्ही सांगा ना."

"मी नाही. मी तिथे आशीर्वाद घेऊन बसलोय. आता कुठल्या तोंडाने सांगू की बायकोला भूक लागली होती? तू केलंस, तूच सांग सुभेदारीणबाईंना. आणि पैसे फिटेपर्यंत हॉटेल बंद."

झालं. मी एक वाटी हलवा खाल्ला आणि त्यापायी हॉटेलच गेलं. वर सुभेदारीणबाईंशी हिंदीत बोलायची शिक्षा. मी उद्या सांगीन, परवा सांगीन म्हणत राहिले. इकडे लाइनीत बातमी फिरली. पंजाबी शेजारणीने लिंबाचं लोणचं आणून दिलं. तमिळ बाईंनी चिंचेचं काहीतरी पाठवलं, इतकं आंबट की मुलाने चाटलं आणि एक डोळा मिटून घरभर फिरला. मी आयुष्यभर गोडाला तरसले आणि आता अख्खी लाइन मला आंबट खाऊ घालत होती. मुलगी शाळेतून आली आणि विचारलं, "आई, मतलब, आपल्याकडे बाळ येणार ते माझ्या टीचरला पण माहीत आहे. मला का नाही सांगितलं?"

ह्यांचे युनिटमध्ये हाल चालले होते. कुणीही भेटलं की विचारायचं, "क्यों हवलदार, चौथा कब?"

शेवटी एका सकाळी सुभेदारीणबाईच दारात उभ्या. "चलो, आज लेडी डॉक्टर आती है. नाम लिखा देते हैं." मी नाही म्हणायच्या आत त्यांनी माझी शाल खुंटीवरून काढून माझ्या खांद्यावर टाकली. आम्ही मिलिटरी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो. पुढे बायकांची रांग. भिंतीवर दोन मुलांचं हसरं चित्र. डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन काय सांगणार होते, हलव्याला किती दिवस झाले?

रांग पुढे सरकली आणि मी त्यांच्या शालीचं टोक धरलं.

"दीदी, बच्चा नहीं है।"

"हाय राम! क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ। था ही नहीं। मेरेको बस पहले मीठा खाना था। ये हमेशा पकोडा मंगाते, फिर पैसा खतम।"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की आतून नर्स बाहेर आली. हसू आवरेना. माझ्या मांडीवर चापट मारत त्या म्हणाल्या, "और मैंने सोचा कितनी शर्मीली है! अरे, तू तो पूरी बदमाश है!"

दवाखान्यातून आम्ही त्यांच्या घरी गेलो, चहा प्यायलो. त्या म्हणाल्या की साहेबांचंही तसंच आहे. पापड, सलाद, कबाब, मग पोट धरून बसायचं. त्या दिवशी पाहुण्यांच्या निमित्ताने त्यांनाही किती तरी महिन्यांनी हॉटेलचं गोड मिळालं होतं. "मैंने दो कटोरी खाईं," त्यांनी हळूच सांगितलं. "तेरे बच्चे के नाम पे."

साहेबांना त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते शीळ घालत. हातात कागदाचा पुडा, त्याला तेलाचे डाग.

"काय आणलंत?"

"पकोडे. साहेबांनी पैसे माफ केले! म्हणाले, बच्चा नहीं तो पार्टी नहीं. खाल्लं आम्ही, पैसे आमचे. गेल्या पगाराला दिलेला हप्तासुद्धा परत केला."

मुलांनी पुड्यावर उड्या मारल्या. मला मात्र ते पटेना. रात्रभर तेच डोक्यात.

सकाळी मी ह्यांना म्हटलं, "पैसे द्यायचे."

"कुणाला? माफ झालेत गं."

"त्यांची माफी त्यांच्याजवळ. हलवा मी मागवला होता."

"मग साहेबांनी खाऊ घातला असं समज."

"मग तो साहेबांचा झाला ना! आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड उघडून काहीतरी मागितलं. तो माझा हलवा आहे. कुणाच्या मेहेरबानीचा नाही. सगळ्या वाट्यांचे द्यायचे, माझ्यामुळे गेल्या त्या."

हे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच पडद्यामागून बाहेर आले होते. "देऊन टाक," म्हणाले. "पण माझ्या पगारातून नाही. हॉटेलचे पैसे मी आता पकोड्यांना ठेवणार."

"तुमच्या पगारातून कोण मागतंय?"

होळी जवळ आली होती. होळीला तिकडे घरोघर गुजिया, म्हणजे आपल्या करंज्यांसारख्याच, करतात, आणि बरोबर काहीतरी तिखट-मिठाचं लागतंच. मी सुभेदारीणबाईंच्या घरी चकल्या नेल्या होत्या, त्या त्यांना भारी आवडल्या. म्हणाल्या, लाइनीतल्या बायका विकत घेतील, मी सांगते. मी भाजणी भाजली. गिरणीवाल्याने डबा उघडून बघितलं आणि भांडायलाच उठला. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे सगळं एकत्र बघून म्हणाला, बहनजी, ये दाल है कि कचरा? मी मान खाली न घालता म्हटलं, "पीसो." त्याने पीसलं.

दुपारभर मी चकल्या तळायची. संध्याकाळी हे घरी आले की त्यांना वास यायचा.

"एक चव बघू का?"

"बघा. पैसे द्या."

"नवऱ्याला विकतेस?"

"हॉटेलवाला तुम्हाला फुकट देतो का? हे आधीचं खाणं आहे, जेवणाच्या आधी खाताय. म्हणजे स्टार्टरच की." हा शब्द तेव्हा माझ्याजवळ नव्हता, मी 'पकोड्याच्या जागी' असं काहीतरी म्हटलं असेन. पण पैसे घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी हसत दिले. दुसऱ्या दिवशी कुरकुरत. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा सापडला तेव्हा मी त्यांच्या पॅन्टच्या खिशातून स्वतःच काढून घेतले आणि तसं सांगितलंही. "माझ्या भजीला सर येत नाही ना?" मी विचारलं. तोंडात चकली होती, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. साहेबांच्या पैशांत आमच्या ह्यांचा वाटा किती गेला ते मी मुद्दाम मोजलं नाही, पण कमी नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी पैसे पुरे झाले. हे म्हणाले, मी देतो युनिटमध्ये. मी म्हटलं, नको. मी केस विंचरले, चांगली साडी नेसले आणि एकटी गेले. सुभेदार साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघून उठायला लागले.

"आओ भाभी! वो अंदर है।"

"काम आपसे है," मी म्हटलं. आवाज थोडा कापला, पण निघाला. "हलवे का पैसा।"

"वो तो माफ हो गया। हवलदार ने बताया नहीं?"

"बताया। पर मंगाया मैंने था।"

"अरे भाभी, उसमें तो मेरे साले के बच्चों ने ज़्यादा खाया।"

"उनका भी है इसमें।"

साहेब पेपर गुंडाळून हसायला लागले. हात काही पुढे करेनात. मी तशीच उभी राहिले, नोटा पुढे धरून. आतून सुभेदारीणबाईंचा आवाज आला, "ले लो जी! नहीं तो ये शाम तक यहीं खड़ी रहेगी, और मेरी चकली बंद हो जाएगी।"

त्यांनी नोटा घेतल्या आणि तशाच सदऱ्याच्या खिशात घालायला गेले.

"गिन लीजिए," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा नीट केला, अंगठा जिभेला लावला आणि एक एक नोट मोजली. नोटा चुरगळलेल्या होत्या, काहींना तेलाचे डाग होते, आणि शेवटी सुट्टी नाणी.

"पूरे हैं," ते म्हणाले.